पहिलटकरणी : घरातल्या आठवणींच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

कामाची हद्द आधी लिहून ठेवते. घरातल्या आणि नात्यातल्या बायकांच्या पहिल्या बाळंतपणाच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या, शब्दशः उतरवायच्या आणि त्यांची वही नणंदेच्या मुलीला तिच्या बाळंतपणाआधी द्यायची. तिला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख आहे. दिवाळीत ओट्यापाशी उभी राहून ती म्हणाली, "मामी, बाळ या आठवड्यात लिंबाएवढं झालं हे मला मोबाइल सांगतो. माझं काय होणार ते कोणीच धड सांगत नाही. विचारलं की सगळ्या हसतात आणि म्हणतात, कळेल."

मलाही २०१४ मध्ये हेच उत्तर मिळालं होतं. माझी मुलगी आता दहा वर्षांची झाली. त्या पहिल्या महिन्यांबद्दल मी फार कमी बोलले आहे, आणि जे बोलले ते ठरावीक चार वाक्यांत. म्हणून यादीत माझंही नाव टाकलं आहे, सगळ्यात शेवटी.

साधनं: फोन, पदराला अडकवायचा छोटा माइक, वही. मोबाइल बोललेलं टाइप करतो, पण आईची माणदेशी बोली त्याला पेलणार नाही, तिथे हाताने उतरवावं लागेल. फायलीला नाव द्यायचं नाही, फक्त नातं आणि साल. जिचं बोलणं, तिला उतरवलेलं वाचून दाखवायचं. ती म्हणेल ते काढायचं.

१४ जानेवारी

आई संक्रांतीला आली आहे. तिळगूळ झाल्यावर दुपारी बसलो. दादाचा जन्म १९८० चा, माण तालुक्यात, आईच्या माहेरी, घरात.

मी विचारलं, "दादाला पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काय वाटलं?" आई लगेच म्हणाली, "काय वाटायचं? पोराचं तोंड बघितलं आन् सगळं इसरले." पुढे शांत. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, मामींकडून, शेजारणींकडून, लग्नातल्या पंगतीत. खोटं नसेल, पण त्यावरून आत जाता येत नाही.

मग मी नुसतंच विचारलं, पाणी कोण तापवायचं? आणि आई बोलायला लागली. परड्यात तीन दगडांची चूल. पाणी आडाचं, तेही पुरवून वापरायचं, कारण माणात उन्हाळ्यात पाण्याची काय गत असते ते सांगायला नको. बाजेखाली शेगडी, तीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. खोलीला एकच खिडकी, तिलाही वाकळ लावलेली. पहिले तीन दिवस दादाला अंगावर पाजलंच नाही. आजीनं आणि सुईणीनं चीक पिळून टाकायला लावला आणि कापसाच्या वातीनं साखरेचं पाणी दिलं. तेव्हा घरोघर हेच चालायचं. आज आपल्याला माहीत आहे की तो पिवळा चीकच बाळाचं पहिलं संरक्षण असतो आणि पहिल्या तासाभरात पाजायचं असतं.

सव्वा महिना आंघोळ घातली ती आजीनं. तेल लावलं आजीनं, टाळू भरली आजीनं, रात्री रडला तर खांद्यावर टाकून फिरवला आजीनं. आई म्हणाली ते जसंच्या तसं: "मला वाटायचं, ह्ये आईचंच पोर हाय. मी आपली नुसती पाजायला. कुणाला सांगायची सोय न्हाई. सासरी आले, तिसरा म्हयना लागला व्हता. तितं पैल्यांदा मी माज्या पायावर घेऊन त्याला आंगूळ घातली. हात थरथरत व्हतं. निसटतंय का काय वाटत व्हतं. न्हाऊन झालं, पुसलं, कुंची घातली, तवा मला त्यो माजा वाटला."

दादा पंचेचाळिशीला आला. हे आईनं त्यालाही सांगितलेलं नाही. "वहीत घालू का?" विचारलं. म्हणाली, "घाल की. पण त्याला मी आधी सांगते."

१८ जानेवारी

प्रश्नांचा क्रम बदलला. "काय वाटलं" हा प्रश्न शेवटी, किंवा विचारायचाच नाही. आधी वस्तू आणि कामं: कुठे झोपवलं होतं, काय खायला दिलं, पाणी कोणी तापवलं, अंगावर कोणतं लुगडं होतं, रात्री उठायचं कोण. भावना विचारली की तयार वाक्य येतं. काम विचारलं की त्याच्या पोटातून भावना आपणहून वर येते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. माहेर, लेक, तान्हं बाळ, सगळं त्यात येतं, आणि ते आलं दळता दळता. हात कामात असला की बाई मोकळं बोलते, असं मला त्यावरून वाटतं. पुढच्या बैठकींना निवडायला मेथी नाहीतर सोलायला वाटाणे घेऊन बसायचं.

२६ जानेवारी

सासूबाई. सुट्टी, सगळे घरात, कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्डिंगमध्ये आल्या आहेत. राहू देत.

नणंदेचा जन्म फेब्रुवारी १९८२ चा, परळला, पालिकेच्या प्रसूतिगृहात. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. सासरे गिरणीत होते. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी बायकापोरं गावी धाडली. सासूबाई बाळ महिन्याचं झाल्यावर एसटीनं चिपळूणकडे निघाल्या. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. रात्रभराचा रस्ता, कशेडीचा घाट.

मी विचारलं, पिशवीत काय काय होतं? वाटाणे सोलता सोलता त्यांनी एकेक वस्तू सांगितली. जुन्या लुगड्याची दुपटी. पितळेची वाटी आणि चमचा. घुटीची पुडी, त्यात मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, मायफळ, बाळहिरडा. सहाण मात्र जड म्हणून मागे ठेवली, गावी आईकडे होतीच. हळिवाचे लाडू अर्धा डबा. डिंकाचे नव्हते. "डिंक घ्यायला पैसे कुठे होते? पगार बंद. शेजारणीनं गूळ दिला, एकीनं खोबरं दिलं. चाळीनं बाळंतविडा केला माझा, म्हणून लाडू झाले."

त्या पुढे म्हणाल्या, "गाडीत मी तिला रात्रभर मांडीवर धरलं. हे मुंबईत, मी गावाला, संप कधी मिटणार देवाला ठाऊक. एवढ्या दिवसांत मला भीतीच वाटली नव्हती, कारण सगळ्या करत होत्या. त्या गाडीत माझ्याशिवाय तिचं कोणी नव्हतं. तिथे मी आई झाले असं म्हण हवं तर."

"हवं तर" हे त्यांचंच. मी ते तसंच ठेवणार आहे.

घुटीबद्दल वहीत वेगळी ओळ लागेल. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, असं आता डॉक्टर आणि आशाताई, म्हणजे गावोगावच्या आशा सेविका, सगळे सांगतात. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आठवण म्हणून घुटी राहील, कृती म्हणून नाही. सासूबाईंना हे आधी सांगितलं, त्यांना पटलं.

२ फेब्रुवारी

मावसबहिणीशी व्हिडिओवर बोलले. ती स्टुटगार्टला असते, तिचा मुलगा २०१७ चा. तिकडे बाळंतिणीच्या घरी सुईण येते, तिला ते हेबामं म्हणतात. पहिल्या दहा दिवसांत गरज पडली तर रोज, मग अधूनमधून, बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत. पैसे आरोग्य विमा भरतो. नोकरीतल्या बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे विश्रांती असते, तिची स्वतःची इच्छा असेल तरच काम, आणि नंतरचे आठ आठवडे तर सक्तीची.

ताई म्हणाली, "ती दारातून आली की आधी मला विचारायची, जेवलीस का, टाके दुखतात का, झोपलीस किती. मग पाळण्याकडे जायची. मला दर वेळी रडू यायचं."

मावशी तिथे व्हिसाचे नव्वद दिवस होती, बॅगेत लाडू आणि सहाण घेऊन गेली होती. हेबामं आणि मावशी यांचं घुटीवरून जमलं नाही, पाजण्यावरून छान जमलं. दोघी बाळाला धरायची एकच रीत दाखवत होत्या, एकमेकींची भाषा न येता. मावशी परतली तेव्हा ताईनं पहिल्यांदा एकटीनं दिवस काढला. त्या दिवसाबद्दल ती बराच वेळ बोलली. ते तिने वगळायला सांगितलं आहे, म्हणून इथेही लिहीत नाही.

९ फेब्रुवारी

वहिनी. मे २०२१, करोनाची दुसरी लाट, सिझेरियन.

इथे माझ्या मनात तयार होत चाललेल्या समजुतीला अडसर आला, आणि तो आला हे बरं झालं. वहिनी म्हणाली, "मला लगेच वाटलं. खोटं कशाला सांगू? कंबरेखाली बधिर होते, तोंडाला मास्क होता, सिस्टरनं तिचा गाल माझ्या कपाळाला टेकवला आणि मला वाटलं, आता मी हिच्यासाठी काहीही करीन. एका क्षणात. ताई, तुम्ही असं लिहू नका की कोणालाच लगेच वाटत नाही."

लिहिणार नाही. तिचं पान जसंच्या तसं जाईल.

तिचं अवघडलं पुढे. दादाला आत येऊ दिलं नव्हतं. घरी आल्यावर माहेरची इमारत बंद, आई येऊ शकत नाही. मालिश करायला कोणी नाही, शेक नाही, सव्वा महिना नाही. तिने टाळू भरायला शिकलं ते व्हिडिओ कॉलवर, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून. पोटाला टाके असताना वाकून बाळ उचलायचं कसं, कुशीवर झोपून पाजायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही. म्हणजे सासूबाईंना चाळ होती आणि पैसे नव्हते, वहिनीला पैसे होते आणि माणूस नव्हतं. ही दोन पानं वहीत शेजारी ठेवायची.

२३ फेब्रुवारी, गावाहून

आत्या सत्तरीच्या पुढे आहे. तिच्याकडे रेकॉर्डर घेऊन जायचं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण तिचं पहिलं बाळ गेलं हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मी तिला आधी फोन करून सांगितलं होतं, नको वाटलं तर नुसती भेटायला येते. ती म्हणाली, "ये. मशीन आण."

आम्ही सोप्यात बसलो. ती ज्वारी पाखडत होती.

पहिलंच तिने मला विचारलं: "माजं पैलं बाळंतपण कुठलं लिवणार तू? समदी माज्या थोरलीला पैली म्हणत्यात. त्याच्या आदी येक व्हता."

मी म्हटलं, त्याचंच लिहू.

१९७४ चा हिवाळा. मुलगा, घरात झालेला, बारीक. वजन कोणी केलं नाही, काटा कुठे होता? पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद ठेवला, दिवा रात्रभर ठेवला. सहाव्या दिवशी बाळ प्यायचं कमी झालं. अंग गार लागायचं. सातव्या दिवशी श्वास लागला, बरगड्या आत ओढल्या जायच्या. दहिवडीला डॉक्टर होता, पण ओल्या बाळंतिणीनं आणि पाच-सहा दिवसांच्या बाळानं उंबरा ओलांडायचा नाही. आठव्या दिवशी गेलं.

आत्या रडली नाही. सूप थांबवलं नाही. म्हणाली, "पोर गेलं, पर दूध जाईना. पदर भिजायचा. सासू म्हणायची, पाला बांध. बांधला. तरी यायचंच." वाड्यातच एक बाई महिन्याभरापूर्वी बाळंत झालेली, तिला ताप आणि दूध आटलेलं. तिची सासू बाळ घेऊन आत्याच्या दारात उभी राहिली. तोंडानं काही बोलली नाही. आत्यानं हात पुढे केले.

"म्हयना-दीड म्हयना पाजलं मी त्याला. माजं न्हाई म्हाईत असून. तवा मला कळलं आई हुणं काय आसतं. माज्या पोराच्या येळला कळायला दीसच न्हाई मिळालं."

तो मुलगा, म्हणजे आता पन्नाशीचा गृहस्थ, दर भाऊबीजेला आत्याकडे येतो. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो का येतो हे मला काल समजलं.

मी आत्याला माझ्या मुलीचं सांगितलं. ती दिवस भरायच्या आधी झाली तेव्हा माझं दूध उतरेपर्यंत तिला शीवच्या रुग्णालयातल्या दूधपेढीचं दूध मिळालं होतं, अनोळखी आयांनी दिलेलं. आत्याला एवढंच माहीत होतं की बाळ काचेत होतं. तिने सूप खाली ठेवलं आणि दहा प्रश्न विचारले. कोण देतं, कसं काढतात, नासत नाही का, जात विचारतात का. शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" म्हटल्यावर ती म्हणाली, "झ्याक."

२४ फेब्रुवारी

गावातल्या आशाताईला भेटले. तिच्या पिशवीत थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, घड्याळ. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, बाळ गार किंवा तापलेलं, पिणं सुटलेलं, बरगड्या आत ओढल्या जाणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

मी ही यादी वहीत उतरवत होते आणि आत्याच्या बाळाचे तीन दिवस माझ्यासमोर ओळीनं उभे राहत होते. यादीतलं जवळजवळ सगळं त्याला झालं होतं.

या भेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशांकडे हे काम आलं. आत्याचं बाळ १९७४ चं.

आशाताईला मी तिच्या स्वतःच्या पहिल्या वेळेचं विचारलं. हसून म्हणाली, "मी दुसऱ्यांच्या घरी भेटी देते ना मॅडम, माझ्या वेळी मीच नवीन होते, आणि माझ्याकडे येणारी आशा मीच!" रेकॉर्डिंगला वेळ नव्हता, तिला पुढच्या घरी जायचं होतं. गावात सातव्या दिवसाची एक बाळंतीण होती.

२ मार्च

आत्याचं उतरवून झालं. फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. तिने एकच दुरुस्ती केली. मी "मुलगा" लिहिलं होतं, तिने त्याचं नाव घालायला लावलं. बारसं झालं नव्हतं, पण तिने मनात ठेवलं होतं. घरातल्या वहीत ते नाव आहे. इथे नाही लिहीत.

भाचीला हे पान द्यायचं का, यावर घरात बोलणं झालं. नणंद म्हणाली, पहिलटकरणीला असलं वाचायला देऊ नये. सासूबाई म्हणाल्या, द्यावं, पण आशाताईची यादी लगेच पुढच्या पानावर हवी. मी सासूबाईंच्या बाजूची आहे. तरी भाचीलाच विचारलं, एका बाळ गेलेल्या आईचं पान आहे, हवंय का. ती म्हणाली, "हवंय. पण दिवसा वाचीन."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होती, २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्के. आमच्या वहीत हा बदल तीन टप्प्यांत दिसतो: बाज, प्रसूतिगृह, ऑपरेशन टेबल. आत्याच्या दारात आलेली ती म्हातारी मात्र कुठल्याच आकड्यात बसत नाही.

९ मार्च

माझी बैठक. प्रश्न मुलीनं विचारले. मी तिला यादी दिली होती, तिने ती बाजूला ठेवली.

"मी कुठे होते?" नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत. ऑगस्ट २०१४, बाहेर पाऊस. तू आठव्या महिन्यातच आलीस, वजन पावणेदोन किलोच्या आत.

"माझ्या अंगावर काय होतं?" टोपी, लंगोट, नाकातून पोटात गेलेली दुधाची बारीक नळी, पायाला एक लाल दिवा लागणारी पट्टी. चौतिसाव्या आठवड्याच्या आधी आलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एका वेळी जमत नाही, म्हणून नळी. मग पालाडाई म्हणतात ती चोचीची छोटी वाटी. मग अंगावर. कावीळ झाली तेव्हा डोळ्यांवर पट्टी आणि निळा प्रकाश.

"तू काय केलंस?" वॉर्डात राहिले. दर दोन तासांनी हात धुऊन, गाऊन घालून आत जायचे. दूध हाताने काढायचे. पहिल्या दिवसांत वाटीच्या तळाला थेंब. तेव्हा सिस्टरनं दूधपेढीचं समजावलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली, आशियातली पहिली. देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून जंतुमुक्त करतात, गोठवून साठवतात. मी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले, कारण मला वाटलं, माझ्याकडून एवढंही होत नाही.

मुलगी म्हणाली, "त्या आयांना माहीत आहे का, की मी त्यांचं दूध प्यायले?" नाही. त्यांना कळत नाही कोणाला गेलं, आणि आपल्याला कळत नाही कोणाचं आलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आपण कोणाला थँक्यू म्हणणार?" पुढे मला दूध चांगलं उतरलं तेव्हा मीही पेढीला दिलं. हे तिला सांगितल्यावर तिचं समाधान झालं.

मग तिने तो प्रश्न विचारला जो मी कोणाला विचारत नाही. "तुला मी आवडले का?"

मी तिला खरं सांगितलं. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भीती वाटली, दुसरं काही नाही. तुझी बोटं इतकी बारीक होती की मी हात लावला नाही. मग डॉक्टरांनी कांगारू पद्धत सुरू केली. तिची सुरुवात १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात झाली, पेट्या कमी होत्या म्हणून. बाळाला उघड्या छातीवर उभं बांधायचं, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास. बाळ ऊब धरतं, श्वास नीट घेतं, वजन धरतं. आता तर जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की जन्मल्याबरोबर लगेच सुरू करा. मला काही दिवस थांबावं लागलं. पहिल्या दिवशी मी ताठ बसले होते, नळी निसटेल म्हणून. दुसऱ्या दिवशी कणा सैल झाला. मग मला तुझा श्वास माझ्या अंगाला लागायला लागला. तू हललीस की आधी मला कळायचं, मग त्या मशीनला. एक दिवस सिस्टर म्हणाली, आता पुरे, पेटीत ठेवू, आणि मी म्हटलं, थांबा, आत्ताच झोपली आहे. ते म्हणताना मला कळलं की मी तुझ्या बाजूनं बोलते आहे.

"म्हणजे आवडले," मुलगी म्हणाली आणि रेकॉर्डर बंद केला.

१६ मार्च

वहीत काही कोरडी पानंही हवीत. मी रजेचं पान लिहिलं. २०१४ मध्ये कायद्याने मिळायचे १२ आठवडे. माझे त्यातले बरेच रुग्णालयातच गेले. मुलगी नुकती अंगावर नीट प्यायला लागली आणि मी कामावर. दुपारी ऑफिसातल्या भांडारखोलीत दूध काढायचे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळांसाठी रजा २६ आठवडे झाली, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. भाचीला पूर्ण मिळणार आहे, तिने अर्जही दिला. घरकामाला जाणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या बाईला हे काहीच नाही, हेही त्याच पानावर लिहिलं.

दुसरं पान मनाचं. पहिल्या दोन आठवड्यांत विनाकारण रडू येणं, चिडचिड, रिकामं वाटणं हे फार जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, झोप उडाली, बाळाकडे बघवेना किंवा स्वतःचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर तो आजार आहे, उपचार आहेत, डॉक्टरांना सांगायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर १४४१६ मोठ्या अक्षरात. तो नंबर मी भाचीच्या नवऱ्यासाठी, सासूसाठी लिहिलेल्या पानावरही टाकला आहे, कारण त्या अवस्थेतली बाई स्वतः फोन उचलेलच असं नाही.

३० मार्च, पाडवा

सहा प्रती काढल्या, सर्पिल बांधणीच्या, म्हणजे बाजेवर पसरून उघड्या राहतील. अक्षर मोठं, रात्रीच्या मंद दिव्यात वाचता येईल असं. क्रम: आई, सासूबाई, वहिनी, ताई, मी, आत्या, आशाताईची यादी. आत्याला आणि यादीला मध्ये कोरं पान नाही.

दादानं आईचं पान वाचलं. आईनं त्याला आधी सांगितलंच होतं. त्याने मला फोन करून विचारलं की आईनं त्याला ज्यावर बसून आंघोळ घातली तो दगड अजून तिच्या सासरच्या, म्हणजे आमच्याच गावच्या घराच्या न्हाणीत आहे का. आहे. तो बघायला मेमध्ये गावी येतो म्हणाला.

६ एप्रिल

भाचीनं वही वाचली. तिच्या खुणा पेन्सिलीच्या आहेत. वहिनीचं आणि आईचं पान, दोन्हींना तिने सारखीच खूण केली आहे आणि बाजूला लिहिलंय, "दोन्ही चालेल."

तिच्याबरोबर पुढचं ठरवलं. बाळ झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, आशाताईच्याच वेळापत्रकाप्रमाणे, मी तिला फोन करायचा. अभिनंदन वगैरे बाकीचे करतील. मी विचारायचं: दुपारी काय जेवलीस, टाके कसे आहेत, आत्ता बाळ कोणाकडे आहे, तू शेवटची कधी झोपलीस. तिला रेकॉर्ड करायचं असेल तर करू, नसेल तर नाही. नणंदेनं भाचीच्या नवऱ्यालाही वही वाचायला दिली आहे. त्याने विचारलं की बाळाला कांगारू पद्धतीनं वडिलांच्या छातीवर ठेवतात का. ठेवतात. ते पान वाढवायचं आहे, या आठवड्यात.